जॅकला ओझं हवंय

गाडी विकली जाते, भंगारात जाते, क्वचित चोरीलाही जाते. जॅक मात्र घरीच राहतो. कुठलंही वर्कशॉप घ्या. भोसरीच्या एमआयडीसीतलं, कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातलं, नाहीतर एखाद्या निवृत्त गृहस्थाने सोसायटीच्या सेक्रेटरीची नजर चुकवून पार्किंगच्या कोपऱ्यात थाटलेलं. वेल्डिंग मशिनच्या मागे, ग्रीसच्या डब्याच्या आडोशाला जुने जॅक बसलेले सापडणारच. एक असतो चपटा कात्री जॅक, मारुती आठशेच्या डिकीतून आलेला. ती गाडी १९८३च्या डिसेंबरात रस्त्यावर आली आणि २०१४च्या जानेवारीत बनायची थांबली. गाड्या गेल्यावर त्यांचे जॅक मागे किती उरले, याचा अंदाज अंधारात पायाचं बोट ठेचलं की येतो. दुसरा असतो बिडाचा बाटली जॅक. किती टन उचलतो ते त्याच्या पोटावर उठावाच्या अक्षरांत लिहिलेलं असतं, पण रंगाच्या चार थरांखाली तो आकडा २ आहे की ३, यावर वर्कशॉपमध्ये दोन पक्ष पडलेले असतात. तिसरा उभ्या दांड्याचा, बाजूला एक आडवा हात असलेला. हा हात गाडीच्या अंगात केलेल्या खोबणीत शिरायचा. ती गाडी आता नाही, तशी खोबण दुसऱ्या कुठल्या गाडीला नाही, तरी गृहस्थाने हात पुढे केलेलाच आहे. ‘हे काढून टाकायचं का, शेठ?’ असं एखाद्या नव्या पोऱ्याने विचारलं की मालक दचकतो. ‘अरे, राहू दे. कामाला येतं.’ कधी, कसल्या आणि कोणाच्या, हे नव्या पोऱ्याने विचारायचं नसतं.

माझं म्हणणं असं की, जुन्या जॅकचा उपयोग शोधायला निघालेला माणूस खरं तर ओझं शोधत असतो. जगाची रीत अशी की आधी काम निघतं, मग त्यासाठी अवजार आणलं जातं. जॅकच्या बाबतीत ही रीत उलटी होते. गरज ही शोधाची जननी असेल. पण हाताशी रिकामं पडलेलं अवजार ही गरजेची सासू असते. ती कुणाला स्वस्थ बसू देत नाही, नसलेलं काम काढून देते. आता हे सगळ्याच अवजारांना लागू आहे असं कुणी म्हणेल, तर ते खरं नाही. कानस वर्षभर पडून राहिली तरी घासायला काही मिळेल का म्हणून कुणी घरभर हिंडत नाही. करवतीला दया येऊन कुणी चांगलं टेबल कापलेलं ऐकिवात नाही. जॅक मात्र नुसता नजरेला पडला की माणूस आजूबाजूला पाहू लागतो: इथे काय खचलंय? काय वाकलंय? काय कललंय? काहीच कललेलं नसेल, तर थोडं कलतं करून घेता येईल का?

या वेडाला मूळ कारण आहे, आणि ते जॅकच्या गुणांतच दडलेलं आहे. साध्या स्क्रू जॅकचा हिशेब पाहा. दांडा ३०० मिलिमीटरचा आणि आट्यांमधलं अंतर ६ मिलिमीटरचं धरलं, तर एका फेऱ्यात हात सुमारे १,८८५ मिलिमीटरची प्रदक्षिणा घालतो आणि ओझं ६ मिलिमीटर वर जातं. कागदावर माणसाची ताकद ३१४ पट होते. प्रत्यक्षात घर्षण त्यातला मोठा वाटा खाऊन टाकतं, तरीही जे उरतं त्यात एखादा किडकिडीत माणूस एक टन वजन डाव्या हाताने उचलतो आणि उजव्या हाताने चहा पितो. शिवाय हात सोडला तरी ओझं खाली येत नाही. का येत नाही? तर जे घर्षण आपली मेहनत खातं, तेच ओझ्यालाही धरून ठेवतं. यंत्रशास्त्राचा नियमच आहे की, जो स्क्रू ओझ्याखाली आपणहून उलटा फिरत नाही, त्याची कार्यक्षमता ५० टक्क्यांच्या आतच असते. निम्म्याहून कमी काम करून जागा न सोडण्याची हमी देणारी माणसं आपण पुष्कळ पाहिली. यंत्रांत हा मान जॅकचा आहे. असलं इमानी यंत्र भंगारात द्यायला हात धजत नाही, हे मी समजू शकतो. पण इमान वेगळं आणि उपयोग वेगळा, ही गोष्ट आम्हा जॅक राखणाऱ्या मंडळींच्या डोक्यात शिरत नाही.

इथे जाणकार हमखास शिकागोचा दाखला देतात, आणि तो दाखला भारी आहे हे मान्य करायलाच हवं. ते शहर सखल आणि चिखलाचं. गटारं घालायची तर रस्ते उंच करावे लागले, आणि रस्ते उंच केल्यावर इमारती खड्ड्यात गेल्या. मग १८६० साली लेक स्ट्रीटवरची चार-पाच मजली दुकानांची सलग रांग ६०० माणसांनी सुमारे ६,००० स्क्रू जॅक फिरवून ५ दिवसांत ४ फूट ८ इंच वर उचलली. आत व्यवहार चालू होते. ‘बघा,’ जाणकार म्हणतात, ‘आणि तुम्ही जॅक भंगारात द्यायला सांगता!’ दाखला बिनतोड आहे, फक्त त्यांच्याच मुद्द्याच्या विरुद्ध आहे. शिकागोकरांच्या घरी ६,००० जॅक पडून होते आणि रविवारी काय करावं सुचेना म्हणून त्यांनी बाजारपेठ उचलली, असं झालेलं नाही. आधी चिखल होता. आपल्याकडेही रस्त्यावर डांबराचे थर चढत जातात, घराचा उंबरा खाली जातो, पावसाळ्यात पाणी थेट देवघरात येतं, आणि मग जॅक लावून घर उचलणारे ठेकेदार बोलावले जातात. तिथेही क्रम तोच: आधी पाणी, मग जॅक. आम्ही मात्र जॅक हातात घेऊन पाण्याची वाट पाहत बसतो.

आता पुरावा म्हणून वर्कशॉपमधले नेहमीचे प्रयोग एकेक तपासू. पहिला प्रयोग खचलेल्या मांडणीचा. नटबोल्टांच्या डब्यांनी मांडणीची फळी मधोमध वाकलेली असते. डबे कमी करणं हा उपाय कुणालाही सुचेल, म्हणून तो कुणी करत नाही. फळीखाली बाटली जॅक ठेवला जातो. जॅक फळीपर्यंत पोचत नाही, म्हणून त्याच्याखाली लाकडाचा ठोकळा येतो. जॅकचं डोकं फळीत रुतू नये म्हणून वरही एक ठोकळा येतो. मग असं लक्षात येतं की, जॅक फिरवायचा दांडा गेली कित्येक वर्षं शटरला अडसर म्हणून लावलेला आहे. म्हणजे जॅकचा नसला तरी त्याच्या दांड्याचा उपयोग कधीच सापडला होता. दांडा काढला की शटर राहत नाही, दांडा लावला की जॅक फिरत नाही. शेवटी सळईच्या तुकड्याने जॅक फिरतो, फळी मधून वर येते, इतकी वर येते की डबे दोन्ही बाजूंना घरंगळू लागतात. ‘थांबव, थांबव!’ ‘थांबवलंय. आता दोन्ही टोकांना एकेक जॅक लावू.’ या वाक्यात सगळं आलं. एका जॅकने सोडवलेल्या अडचणीतून जी नवी अडचण जन्मते, तिला किमान दोन जॅक लागतात. आणि जी मांडणी पूर्वी नुसती वाकडी होती, ती आता यंत्रावर चालते.

यावर आक्षेप असा की, ही तात्पुरती सोय आहे, तिला इतकं हसू नये. तात्पुरत्या सोयीला हसण्याची माझी काय बिशाद! मुंबईच्या जुन्या चाळींना लावलेले टेकू पाहिलेला माणूस ‘तात्पुरतं’ या शब्दाला टोपी काढून नमस्कार करतो. टेकू लागतो तेव्हा जिन्यात भीती असते, पुढे त्याला दोरी बांधून कपडे वाळत पडतात. उलट बाजूला बांधकामावरची सेंटरिंग पाहा. स्लॅब ओतला की तो घट्ट होईपर्यंत लोखंडी प्रॉपवर आणि त्यांच्या आट्यांवर उभा असतो. म्हणजे आपल्या डोक्यावरचं प्रत्येक छप्पर काही दिवस का होईना स्क्रूच्या भरवशावर राहिलेलं आहे. पण बांधकामवाला स्लॅब पक्का झाला की प्रॉप काढतो आणि पुढच्या साइटवर नेतो. त्याला भाडं भरायचं असतं. वर्कशॉपमधल्या जॅकला भाडं नाही, त्यामुळे त्याला मुदतही नाही. फुकट मिळालेल्या आधाराइतकं कायमचं दुसरं काही नसतं.

दुसरा प्रयोग कात्री जॅकचा, आणि तो हौशी सुतारांचा लाडका. टेबलाला भोक पाडून खाली लाकडात खाच पाडणारं राउटर मशिन उलटं टांगायचं आणि त्याला वर-खाली करायला खाली कात्री जॅक लावायचा. कल्पना सुंदर आहे. विकत घ्यायला गेलं तर राउटरची लिफ्ट महाग पडते, आणि इथे ती गंजत पडलेलीच आहे. आता भूमिती काय म्हणते पाहू. कात्री जॅक जवळजवळ आडवा झोपलेला असतो, म्हणजे त्याचे हात जमिनीशी १० अंशांचा कोन करतात, तेव्हा स्क्रूवर ओझ्याच्या साडेपाच पटीहून जास्त ताण येतो. हात ४५ अंशांवर आले की ताण ओझ्याइतकाच उरतो. पंक्चरच्या वेळी सुरुवातीला घाम फुटतो आणि नंतर जॅक गरगर फिरतो, त्याचं कारण हेच. जे ताणाचं, तेच चालीचं. आट्यांचं अंतर २ मिलिमीटर धरलं, तर झोपलेला जॅक एका फेऱ्यात ११ मिलिमीटरहून जास्त उसळी घेतो आणि उठून बसलेला जॅक फक्त २ मिलिमीटर सरकतो. मोटार उचलताना या लहरीपणाने काही बिघडत नाही. चाक जमिनीपासून सुटलं म्हणजे झालं. सुताराला मात्र पाव मिलिमीटरचा हिशेब हवा असतो. ‘एका फेऱ्याला किती वर येतो?’ ‘आज किती उंचीवर आहे त्यावर आहे.’ असं उत्तर देणारं मापन-यंत्र घेऊन माणूस खाच पाडायला बसतो, आणि संध्याकाळी खाचेला साजेसं फर्निचर शोधू लागतो. ओझ्याचा शोध संपतो तिथे फर्निचरचा सुरू होतो.

तिसरा प्रयोग प्रेसचा. इथे जॅकची बाजू थोडी बळकट आहे, कारण स्क्रूने दाबणं ही फार जुनी गोष्ट आहे. द्राक्षं आणि ऑलिव्ह पिळायची स्क्रूची दाबयंत्रं रोमन काळात होती, आणि पंधराव्या शतकात गुटेनबर्गने छापायला सुरुवात केली तीही स्क्रूच्याच प्रेसवर. तेव्हा चॅनेलची चौकट वेल्ड करून तिच्यात जॅक बसवला, तर आपण फार काही अघोरी करत नसतो. डिंक लावलेल्या फळ्या दाबून ठेवायला, पत्रा थोडा सरळ करायला, हौस असेल तर पनीर दाबायलाही ती चौकट चालते. पण पनीरवर भागत नाही. चौकट उभी राहिली की कुणीतरी गंजलेला बेअरिंग घेऊन येतोच. ‘होईल का?’ ‘न व्हायला काय झालं!’ जॅक फिरू लागतो. बेअरिंग हलत नाही. आणखी फिरतो. बेअरिंग हलत नाही, चौकट मात्र पोट पुढे काढते. मग चौकटीला आडवी पट्टी वेल्ड होते, पट्टीला कोपऱ्यात तिकोनी पत्रे लागतात, जॅकच्या दांड्यावर पाइप चढवला जातो. अखेर एक मोठा आवाज होतो आणि सगळे खूश होतात. मागाहून कळतं की सुटला तो बेअरिंग नव्हे, तो वेल्ड होता. फुकटच्या जॅकसाठी जेवढं लोखंड, जेवढे वेल्डिंग रॉड आणि जेवढी वीज खर्ची पडते, तेवढ्यात शेजारच्या वर्कशॉपमधल्या खऱ्या प्रेसवर बेअरिंग निघून, वर मालकाला मिसळ खाऊ घालता आली असती.

यावर प्रामाणिक आक्षेप येतो की, सगळेच प्रयोग असे फसत नाहीत. बरोबर आहे. मिलिंग किंवा प्लेनर मशिनवर लांब जॉबच्या अधांतरी टोकाखाली छोटे स्क्रू जॅक लावतात आणि त्यावाचून काम नीट होत नाही. जड मशिनची पातळी साधायला, मुरडलेली चौकट फाकवायला, गेटचा वाकलेला गज परत जागेवर आणायला जॅकसारखा सोबती नाही. मात्र यातला प्रत्येक माणूस गज वाकलेला पाहून जॅककडे गेलेला असतो. या बाबतीत सर्वांत शिस्तीची जमात कोणती म्हणाल, तर चोरांची. दुकानाचं शटर जॅकने उचकटल्याच्या किंवा खिडकीचे गज फाकवल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत येत असतात. त्या वाचताना नीतीचा भाग क्षणभर बाजूला ठेवला, तर विचारांची स्वच्छता डोळ्यांत भरते. आधी दुकान ठरतं, मग शटर पाहिलं जातं, मग जॅक आणला जातो. ‘आपल्याकडे जॅक पडलाय, त्याचं काय करावं बरं?’ असा विचार करत बसलेला चोर अजून पोलिसांना सापडलेला नाही. अर्थात सज्जनांनी चोरांचं अनुकरण करावं असं मी सुचवत नाही. पण निदान कामाचा क्रम तरी उचलायला हरकत नाही.

उरलेले आक्षेप झटपट आटपू. एक म्हणतो, हायड्रॉलिक जॅक असताना हे जुनाट स्क्रू कशाला? हायड्रॉलिक जॅकचं पेटंट रिचर्ड डजनने १८५१ सालीच घेतलं, तेव्हा नवलाई कधीच संपली. आणि वॉशर सुकला की तो बिचारा रात्रभरात गुपचूप खाली बसतो. स्क्रू तसा दगा देत नाही. दुसरा म्हणतो, जुना जॅक धोक्याचा. हा आक्षेप मात्र थट्टेवारी नेण्यासारखा नाही. गाडीचा जॅक चाक बदलण्यापुरता असतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणी शिरायचं नसतं, खाली घोडी लावायचीच असते. आणि ज्या जॅकचे आटे झिजून नट डुगडुगतोय, त्याच्यावर तर पनीरही ठेवू नये. गंमत अशी की, हा नियम आम्हा मंडळींना तोंडपाठ असतो आणि त्यातून आम्ही काढतो तो निष्कर्ष असा: ‘म्हणजे गाडीला चालत नाही. मग दुसरं काहीतरी उचलू.’ तिसरा आक्षेप जागेचा. जॅक केवढीशी जागा अडवतो, असं म्हणतात. जॅक थोडीच अडवतो. पण त्याच्याखालच्या आणि वरच्या ठोकळ्यांची, दांडा म्हणून ठेवलेल्या सळयांची, अर्धवट चौकटीची आणि ‘या जॅकला बसेल’ म्हणून आणलेल्या दुसऱ्या जॅकच्या सुट्या भागांची जागा मोजली, तर तेवढ्यात एक गाडी उभी राहील. मग निदान जॅकला तरी काम मिळेल.

सर्वांत अवघड आक्षेप मी शेवटी ठेवला आहे: पुढे मिळणार नाहीत म्हणून तरी ठेवावेत. याला आधार आहे. २०२० सालच्या नियमबदलाने ट्यूबलेस टायरच्या गाडीत टायरची हवा दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचं किट असेल, तर स्टेपनी नसली तरी चालेल अशी मुभा दिली. स्टेपनी गेली की जॅकही जाणार. उद्याच्या मुलांना जॅक म्हणजे काय हे दाखवायला एखादा तरी नको का? हा युक्तिवाद ऐकून मी निरुत्तर होतो, पण समाधान होत नाही, कारण ‘एखादा’ हा शब्द म्हणणाऱ्याच्या कोपऱ्यात कमीत कमी चार असतात. म्हणून तोडगा असा: ज्या जॅकला आज नेमकं काम आहे तो ठेवावा, बाकीचे भंगारवाल्याला द्यावेत. लोखंडाच्या भावाने पैसे फार येणार नाहीत. चौकोनी आट्यांचा तसला स्क्रू लेथवर नव्याने काढायचा तर त्याच्या कितीतरी पट पडतील, हे खरं. पण ज्याला स्क्रू नको आहे, त्याने त्याच्या किमतीची काळजी का करावी?

आता तोडगा अमलात आणला तर काय होतं, तेही पाहायला हवं, कारण माझा युक्तिवाद इथेच कोसळतो. भंगारवाला जॅक काट्यावर टाकतो, लोखंडाचा भाव देतो आणि आपली पाठ वळली की तोच जॅक ढिगात न फेकता बाजूला ठेवतो. पत्रा वितळायला जातो, सळया वितळायला जातात. जॅकला तो दोन थेंब तेल घालून ‘चालू माल’ म्हणतो. तिथून तो पुण्याच्या जुन्या बाजारासारख्या ठिकाणी ताडपत्रीवर येऊन बसतो. त्याच्यासमोर कुणीतरी वर्कशॉपवाला उकिडवा बसतो, स्क्रू फिरवून पाहतो, आटे चाचपतो, किंमत निम्म्यावर आणतो. त्याच्या घरी असेच पडलेले आहेत, हे त्याच्या बायकोला माहीत असतं. म्हणून तर तो एकटा आलेला असतो. पैसे मोजता मोजता मात्र त्याच्या मनात पाल चुकचुकते. ‘पण काय हो, याचा उपयोग काय करायचा?’ विकणारा पिशवीत जॅक टाकत म्हणतो, ‘साहेब, घेऊन तर जा. उपयोग काय, निघतोच.’